लाय, ले आणि आपला 'ने'

ओळखीतल्या लोकांचे इंग्रजी मसुदे माझ्याकडे वाचायला येत असतात. ईमेल, अर्ज, कुणाचा लेख, कुणाचं भाषण. त्यात एक चूक इतक्यांदा दिसते की आता हात आपोआप तिथे जातो. 'द फाइल वॉज लेइंग ऑन द टेबल.' 'आय लेड इन बेड ऑल डे.' आणि एकदा तर चक्क 'द प्रॉब्लेम लेज इन द सिस्टम'. स्पेलचेक काही बोलत नाही कारण स्पेलिंग बरोबर आहे, शब्द खरे आहेत, फक्त क्रियापद चुकीचं आहे. इथे लाय पाहिजे आणि लिहिलंय ले. एल-आय-ई ऐवजी एल-ए-वाय.

हे शिकवताना नेहमी तेच सांगतात, लाय अकर्मक, ले सकर्मक, आणि मग रूपांचा एक तक्ता, लाय-ले-लेन, ले-लेड-लेड, पाठ करा. पाठ होतो, परीक्षेपुरता टिकतो, मग जातो. माझं स्पष्ट मत असं आहे की मराठी माणसाला हा तक्ता पाठ करायची गरजच नाही, कारण हा फरक आपण दिवसातून शंभरदा करतो, न विचार करता, आणि तोही इंग्रज माणसापेक्षा कितीतरी बारीक. आपल्याला फक्त कुणी सांगत नाही की ही तीच गोष्ट आहे.

आधी अर्थ उरकून घेऊ. लाय म्हणजे आडवं होणं, आडवं असणं, पडून असणं. कुत्रा दाराशी पडलाय, पेशंट पलंगावर पडून आहे, फाइल टेबलावर पडलीय, गाव नदीच्या काठी वसलंय, चूक अमुक ठिकाणी आहे. मराठीत याला एकच शब्द नाही. पहुडणे आहे पण ते कवितेत, बोलताना कोण म्हणतं. तर लायमध्ये जे काही आहे ते स्वतःच आहे, कुणी कुणाला काही करत नाहीये. ले म्हणजे दुसऱ्या कशाला तरी तसं करणं. ठेवणं, अंथरणं, घालणं, टाकणं, रचणं. कोंबडी अंडी घालते ते ले, गवंडी विटा रचतो ते ले, पाइपलाइन टाकतात ते ले, पाया घालतात ते ले, बाळाला पाळण्यात अलगद ठेवतात ते पण ले.

इथे एक छोटी गोष्ट जी पुस्तकं सांगत नाहीत. ले म्हणजे नुसतं ठेवणं नाही, नुसतं ठेवायला पुट आहे. ले मध्ये वस्तू आडवी, सपाट, पसरून ठेवली जाते आणि बहुतेकदा जरा जपून. सतरंजी ले करतात, चावी खिशात ले करत नाहीत. आणि उभी वस्तू नीट बसवून ठेवायची असेल, म्हणजे पेला किंवा घड्याळ किंवा फुलदाणी, तर सेट. म्हणून फुलदाणी ले केली असं कुणी लिहिलं की माझ्या डोळ्यासमोर ती आडवी पडलेली येते आणि पाणी सांडलेलं दिसतं.

आता खरी गोची. इथपर्यंत सगळ्यांना कळतं, घोळ होतो तो भूतकाळात. लायचा भूतकाळ आहे ले. हो, तोच, एल-ए-वाय. म्हणजे आज कुत्रा लाय करतो, काल कुत्रा ले केला, आणि ले हे दुसऱ्या क्रियापदाचं वर्तमानकाळातलं रूप पण आहे, ज्याचा भूतकाळ लेड. हे ज्याने कुणी ठरवलं त्याला (अर्थात कुणीच ठरवलं नाही, ते कसं झालं ते पुढे सांगतो) शिकणाऱ्यांचे शिव्याशाप किती लागले असतील. 'शी लेड ऑन द सोफा' हे चूक, 'शी ले ऑन द सोफा' हे बरोबर, पण बरोबर असलेलं ऐकायला चूक वाटतं. कानाला भूतकाळाचा शेवटचा ड हवा असतो.

तर इथे आपला 'ने', म्हणजे कर्त्याला लागणारा प्रत्यय, कामाला येतो.

वाक्य मराठीत भूतकाळात म्हणून बघा, तो किंवा ती घेऊन. 'ती सोफ्यावर आडवी झाली.' ने आला का? नाही. मग ले. 'तिने चादर सोफ्यावर अंथरली.' ने आला? आला. मग लेड. बस. 'तो रात्रभर जागा पडून होता', ने नाही, ही ले अवेक ऑल नाइट. 'त्याने पत्ते टेबलावर मांडले', ने आहे, ही लेड हिज कार्ड्स ऑन द टेबल. 'कोंबडीने अंडं घातलं', लेड. 'शहर उद्ध्वस्त होऊन पडलं होतं', ले. अनेकवचन असेल तर ने ऐवजी नी येतो, तेही चालतं: 'सैनिकांनी शस्त्रं खाली ठेवली', लेड डाउन देअर आर्म्स. पण 'सैनिक जमिनीवर आडवे झाले', नी नाही, म्हणून ले डाउन. दोन वाक्यांत एका अक्षराचा फरक आणि एकात शरणागती आहे, दुसऱ्यात गोळीबार चुकवणं आहे.

वाक्य भूतकाळातलं नसेल तरी हीच युक्ती, फक्त एक पायरी वाढते. 'फाइल टेबलावर पडून आहे', भूतकाळात न्या, 'पडून होती', ने नाही, म्हणजे हे लायवालं घराणं, म्हणून वर्तमानात लाइंग. 'ते नवीन केबल टाकतायत', भूतकाळात 'त्यांनी टाकली', नी आला, म्हणजे लेवालं घराणं, म्हणून लेइंग. एवढं डोक्यात एका सेकंदात होतं, सवय झाली की तेवढंही लागत नाही.

दोन पथ्यं मात्र पाळायची. एक, मी आणि तू घेऊन ही परीक्षा करू नका कारण आपण 'मीने' म्हणत नाही, 'मी झोपलो' आणि 'मी ठेवलं' दोन्हीत ने दिसतच नाही, लपलेला असतो. दुसरं, मराठीत काही आडमुठी क्रियापदं आहेत ज्यांना कर्म असूनही ने लागत नाही. तो धडा शिकला, ती नाव विसरली, तो चहा प्यायला. नशीब असं की लाय आणि ले च्या जवळपास येणाऱ्या आपल्या क्रियापदांत, म्हणजे ठेवणे, घालणे, टाकणे, मांडणे, अंथरणे, रचणे, यात एकही आडमुठं नाही. सगळी सरळ ने घेतात.

इंग्रजाकडे ही सोय नाही बरं का. त्याच्या भाषेत क्रियापद सकर्मक असो की अकर्मक, भूतकाळ असो की वर्तमान, कर्ता तसाच उभा राहतो, ही लाफ्ड, ही ब्रोक इट, ही म्हणजे ही. त्याला कर्म शोधत बसावं लागतं. आपल्याला कर्म शोधायची गरज नाही, कर्त्याच्या शेपटीकडे बघितलं की झालं.

आता जरा मागे जाऊ कारण मला स्वतःला यातला हा भाग सगळ्यात आवडतो. इंग्रजीत लाय-लेसारखी अजून एक जोडी आहे जी बरोबर याच साच्यातली आहे आणि ती मराठीत सांगितली की एकदम उजेड पडतो. फॉल आणि फेल. फेल म्हणजे नापास नाही, एफ-ई-एल-एल. झाड पडलं: द ट्री फेल. झाड पाडलं: दे फेल्ड द ट्री. पडणे आणि पाडणे! अगदी जसंच्या तसं. आणि गोची पण तीच, पडण्याचा भूतकाळ फेल, आणि पाडण्याचा वर्तमानकाळ पण फेल. लाकूडतोडे झाडं फेल करतात, काल त्यांनी फेल्ड केली. लायच्या जागी पडणे ठेवा, ले च्या जागी पाडणे ठेवा, सगळी गणितं जुळतात. (फाइंडचा भूतकाळ फाउंड आणि स्थापन करणे या अर्थाचं फाउंड, हा घोळ वरवर सारखा दिसतो, 'द कंपनी वॉज फाउंड इन १९९५' असं लोक लिहितात आणि कंपनी कुठेतरी हरवली होती असं वाटतं, पण ते नातं खोटं आहे, ते दुसरं फाउंड लॅटिनमधून आलेलं परकं क्रियापद आहे.)

पडणे-पाडणे, मरणे-मारणे, तरणे-तारणे, जळणे-जाळणे, गळणे-गाळणे, चरणे-चारणे. आतला स्वर लांबवला की 'होणे'चं 'करणे' झालं. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, सुटणे-सोडणे, इथे उचा ओ झाला आणि टचा ड. ही आपल्या भाषेतली जिवंत यंत्रणा आहे आणि शिवाय 'व' लावायची दुसरी यंत्रणा आहेच, बसणे-बसवणे, हसणे-हसवणे, झोपणे-झोपवणे. इंग्रजीतही एके काळी अशीच यंत्रणा होती. जर्मानिक भाषांच्या, म्हणजे इंग्रजी, जर्मन, गॉथिक ज्या कुटुंबातल्या त्यांच्या, फार जुन्या अवस्थेत क्रियापदाच्या एका रूपाला 'यन' असा प्रत्यय लावला की त्याचा अर्थ 'तसं करायला लावणे' असा व्हायचा. चौथ्या शतकात बायबलचं गॉथिक भाषेत भाषांतर झालं, त्यातली गॉथिक आज आपल्याला वाचता येते, त्यात ही जोडी स्वच्छ दिसते: लिगन म्हणजे पडून असणे, लग्यन म्हणजे ठेवणे. पुढे इंग्रजीत त्या 'य'ने आधीच्या अ ला ए कडे ओढलं, म्हणून लग चं लेग झालं. मॅनचं अनेकवचन मेन का होतं त्याचं कारणही याच पद्धतीचं आहे, नंतर येणाऱ्या आवाजाने आधीच्या स्वराला ओढणं. म्हणजे लाय-ले मधला स्वरबदल आणि मॅन-मेन मधला स्वरबदल एकाच सवयीतून आलाय.

जुन्या इंग्रजीत लाय होतं साधारण 'लिज्जन' आणि ले होतं 'लेज्जन'. भूतकाळ एकाचा 'लॅय', दुसऱ्याचा 'लेय्दे'. म्हणजे तेव्हा चारही रूपं वेगळी होती, गोंधळ नव्हता. मग पुढच्या काही शतकांत तो मधला ज्ज गळत गेला, क्रियापदाच्या बाकी रूपांमधला य सगळीकडे पसरला, आणि 'लेज्जन'चं झालं ले, आणि 'लॅय'चं पण झालं ले. दोघे वेगवेगळ्या रस्त्याने चालत येऊन एकाच खुर्चीवर बसले. कुणाचाच दोष नाही, नुसती झीज आहे.

या यंत्रणेची इंग्रजीत आता मोजकीच अवशेषं उरलीत. सिट आणि सेट, बसणे आणि बसवणे. ड्रिंक आणि ड्रेंच, हे ऐकून मी तरी उडालो होतो, ड्रेंच म्हणजे आता चिंब भिजवणे पण मुळात अर्थ पाजणे! पिणे-पाजणे. मेंढ्यांना, गुरांना तोंडातून औषध पाजतात त्याला पशुवैद्यक आजही ड्रेंचिंगच म्हणतात, तिथे जुना अर्थ टिकून राहिलाय. राइझ आणि रेझ, उठणे आणि उठवणे, यातलं रेझ मात्र उत्तरेकडून आलेल्या नॉर्स लोकांच्या भाषेतलं आहे, इंग्रजीचं घरचं रूप होतं रिअर, तेही अजून आहे, मुलं वाढवणे, गुरं पाळणे या अर्थाने. म्हणजे एका राइझला दोन प्रयोजक, म्हणजे 'तसं करायला लावणे' या अर्थाची रूपं, आहेत, एक घरचं एक बाहेरचं.

आणि आता कळस. हा जर्मानिक 'यन' आणि संस्कृतचा प्रयोजक प्रत्यय 'अय', पतति-पातयति मधला, हे मुळात एकच आहेत. दोन्ही एकाच पूर्वज भाषेकडून आलेत. सद् म्हणजे बसणे, सादयति म्हणजे बसवतो. गॉथिकमध्ये सत्यन, इंग्रजीत सेट. म्हणजे आपण रोज अलार्म 'सेट' करतो तेव्हा संस्कृतातल्या सादयतिचा सख्खा चुलतभाऊ वापरतो. आणि आपलं पाडणे हे पातयतिच्या वंशातलं. तर पडणे-पाडणे आणि फॉल-फेल यात शब्द वेगळे पण युक्ती एकाच घरातली. मी वर म्हटलं ना की मराठी माणसाला हे अवघड जायचं कारण नाही, ते उगाच नाही म्हटलं.

मग ज्यांची ही मातृभाषा आहे ते का चुकतात? कारण ते सर्रास चुकतात, अगदी शिकलेले, 'आय नीड टू ले डाउन' हे तुम्ही सिनेमात, मालिकेत, गाण्यात कुठेही ऐकाल. मला वाटतं कारण असं की यंत्रणा मेली. बाकी सगळीकडे इंग्रजीने एकच क्रियापद दोन्ही कामांना जुंपलंय. ब्रेक म्हणजे तुटणेही आणि तोडणेही. बर्न म्हणजे जळणे आणि जाळणे. ओपन म्हणजे उघडणे, दार आपोआप असो की कुणी उघडलेलं असो. ज्याच्या भाषेत शेकडो क्रियापदं अशी दुहेरी आहेत त्याच्या कानाला लाय आणि ले वेगळे का ठेवायचे हे कळतच नाही, एकाने भागत असेल तर दुसरं कशाला. आपल्याकडेही थोडी अशी आहेतच, उकळणे बघा, 'पाणी उकळलं' आणि 'तिने पाणी उकळलं', क्रियापद तेच, पण बघा परत 'ने' आला आणि सगळं निस्तरलं.

आणि हा गोंधळ आजकालचा नाही. ले हे लायच्या जागी वापरायची चाल मध्ययुगापासून सापडते, व्याकरणवाल्यांनी त्यावर डोळे वटारायला सुरुवात केली ती फार नंतर. सगळ्यात प्रसिद्ध गुन्हेगार म्हणजे कवी बायरन. १८१८ साली आलेल्या 'चाइल्ड हॅरॉल्ड'च्या चौथ्या सर्गात समुद्राला उद्देशून लिहिताना तो म्हणतो की समुद्र माणसाला परत जमिनीवर आपटतो, आणि पुढे, 'देअर लेट हिम ले'. पडू दे त्याला तिथे. नियमाने लाय हवं. पण वर स्प्रे आणि बे असे यमक आलेत, लाय कसं बसणार. गंमत म्हणजे दोनच ओळी आधी त्याने लाइज अगदी बरोबर वापरलंय, म्हणजे त्याला माहीत नव्हतं असं म्हणायला जागा नाही. यमकासाठी व्याकरण सोडलं आणि दोनशे वर्षं लोक बोटं दाखवतायत.

मग पाळायचं का हे सगळं? माझा हिशेब असा आहे. बोलताना कुणी ले डाउन म्हणालं तर गप्प बसायचं, सुधारायला जाऊ नये, कुणालाही अर्थ कळतो आणि सुधारणारा माणूस फार लवकर नकोसा होतो. लिहिताना मात्र पाळायचं, खास करून अर्ज, अहवाल, जिथे वाचणारा आपल्याला ओळखत नाही आणि भाषेवरून मत बनवणार आहे तिथे. काही ठिकाणी तर दोन्ही चालतात आणि उगाच वाद घालू नये, जमिनीचा उतार-चढाव किंवा एकंदर परिस्थितीचा अंदाज या अर्थी ब्रिटिश लोक 'लाय ऑफ द लँड' म्हणतात आणि अमेरिकन 'ले ऑफ द लँड'.

लेन या रूपाचं काय करायचं, हा प्रश्न मला विचारतात. 'द लेटर हॅज लेन देअर फॉर मंथ्स.' बरोबर आहे, शुद्ध आहे, आणि वाचताना खडा लागतो. मी तर सरळ 'हॅज बीन लाइंग' करून टाकतो. अर्थ तोच, आणि वाचणारा मध्येच थांबून स्पेलिंग तपासत बसत नाही. लेनला माझ्या मते पेन्शन द्यायला हरकत नाही.

स्पेलिंगवरून आठवलं, लेडचं स्पेलिंग एल-ए-आय-डी. एल-ए-वाय-ई-डी असं काही नसतं. पेचं पेड, सेचं सेड, तसं लेचं लेड, तिघांची एकच खोड. नोकरकपातीच्या बातम्या सुरू झाल्या की ही चूक सगळीकडे उगवते, कारण तेव्हा सगळेच 'लेड ऑफ' लिहायला लागतात. आणि तिथे रूप लेड का, तर कुणीतरी कुणाला काढलंय म्हणून, 'कंपनीने त्याला काढलं', ने ठणठणीत हजर आहे.

या ले च्या खानदानात अनपेक्षित मंडळी खूप आहेत. लॉ, म्हणजे कायदा, हा नॉर्समधून आलेला शब्द आहे आणि त्याचा मूळ अर्थ 'घालून दिलेलं'. आपण नियम 'घालून देतो' म्हणतो तसंच. फेलो म्हणजे मुळात भागीदार, नॉर्समध्ये फे म्हणजे गुरंढोरं, मालमत्ता, आणि ती एकत्र टाकणारा तो फेलागी. तो फे आणि आपला पशु हेही एकाच मुळाचे. लागर बिअर म्हणजे साठवून, पडून ठेवलेली बिअर, जर्मन लागर म्हणजे कोठार. पण डिले मात्र यातलं नाही, ते फ्रेंचमधून आलंय, आणि लेमॅनमधलं ले तर तिसरंच, ते ग्रीकमधल्या 'लोक' या अर्थाच्या शब्दापासून. दिसतं सारखं म्हणून नातं जोडायला जाऊ नये.

आणि खोटं बोलणे या अर्थाचं लाय? ते पूर्ण वेगळं क्रियापद, जुन्या इंग्रजीतही वेगळंच होतं, जर्मनमध्ये आजही लीगन म्हणजे पडून असणे आणि ल्यूगन म्हणजे खोटं बोलणे असे दोन स्वतंत्र शब्द आहेत. त्याचा भूतकाळ साधा, लाइड. इथे आपली युक्ती अर्धवट चालते, 'तो खोटं बोलला', ने नाही, कारण बोलणे हे त्या आडमुठ्यांपैकीच एक. पण अर्थच इतका वेगळा आहे की इथे युक्ती कशाला हवी. फक्त 'ही लाइड ऑन द सोफा' असं लिहू नका, कारण तेही व्याकरणाने बरोबर आहे, सोफ्यावर बसून थापा मारल्या असा त्याचा अर्थ होतो.